जिला कुणी रागावलं नाही

...नाही, त्या खुर्चीवर नका बसू. मालकांचीच खुर्ची, हो, पण म्हणून नव्हे — तिचा मागचा पाय खिळखिळा झालाय. मागे एक जर्मन पाद्री बसले, डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि भक्तिभावानं मागे रेलले, ते थेट फरशीवर. मला हसू आवरेना. तुम्ही इकडे बाकावर बसा. बुटांचं राहू द्या, चिखल काय, मी पुसणारच आहे. द्राक्षमळ्यांतून चढून आलात ना? सगळे तिकडूनच येतात, पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून. खरा रस्ता मागून आहे, सोपा आहे, पण तो पुस्तकात नाही. तर हे त्यांचं टेबल. ही खिडकी, हे खाली सरोवर — हवा स्वच्छ असली तर पलीकडचे बर्फाचे डोंगर दिसतात, आज नाही दिसायचे. टेबलाला हात लावायचा असेल तर लावा, सगळे लावतात. एका इंग्रज बाईंनी तर चाकूनं कपचा काढून नेला. मी बघत होते, काही बोलले नाही. या घरात ‘नको’ म्हणायची रीत नाही. मी किती वर्षं आहे इथं? — हिशेब नाही ठेवला. पुष्कळ वर्षं. लीझ म्हणतात मला, तुम्हीही म्हणा.

काढलंत का पुस्तक? काढाच. दुसरा भाग, शेवटाच्या थोडं अलीकडे — पान आपोआप उघडतं ना? सगळ्यांच्या पुस्तकाला तिथंच घडी पडलेली असते. मुलगी जाते ते पान. रडा, रडा, संकोच नको, या खोलीत सगळेच रडतात, पुरुष जास्त. मला पाठ आहे ते. खिडकी उघडी, बाहेर सफरचंदाला बहर आलेला, मुलगी बारा वर्षांची, तापानं फणफणलेली, आणि बापाला म्हणते — मला कधी कुणी काही करायला सांगितलं नाही, म्हणून आता मरणसुद्धा मला माझंच वाटतंय. सुंदर आहे, नाही? हे वाचून कुठल्याशा राजघराण्यातल्या बाईंनी म्हणे आठवडाभर काळे कपडे घातले. मी आपली विचार करते — बारा वर्षांची पोर तापात असं बोलेल? तापात पोर पाणी मागते, मस्यू. आईला मागते. पण आई त्या पानावर नाहीच. शोधून बघा. अख्ख्या दुसऱ्या भागात आई नाही.

काय म्हणालात? — बायकोला दिवस गेलेत. चांगली गोष्ट आहे. आणि ती खाली चर्चपाशी गाडीत बसलीय. तिला चढवलं नसतं, बरोबर. आणि मूल झालं की ते या पुस्तकाबरहुकूम वाढवायचं असं दोघांचं ठरलंय. — तुमचं ठरलंय. हं. जरा थांबा, चुलीवर दूध आहे, उतू जाईल.

...हां. बसा, उठू नका. मी खरं म्हणजे काही बोलणार नव्हते. आलेल्याला खोली दाखवायची, पाणी विचारायचं आणि वाटेला लावायचं, एवढंच करते मी. तुम्ही बाळाचं म्हणालात म्हणून. मुलगी कशी होती ते विचारत होतात ना मघाशी? सांगते. या घरात तिला कुणी काही सांगायचं नाही असा नियम होता. मालकांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच आहे — माणूस जन्मतो तो सुखी, दुःख त्याला शिकवावं लागतं आणि त्या शाळेतला पहिला धडा म्हणजे ‘नको’ हा शब्द. ज्याला लहानपणी कुणी हुकूम केला नाही तो मोठेपणी ना हुकूम करील ना कुणाचा ऐकेल. अशी माणसं निपजू लागली की राजे आपोआप गळून पडतील, पिकल्या पानांसारखे. मालकांचं, जोनास बेरसोंचं, हे वाक्य म्हणे पॅरिसात लोक एकमेकांना म्हणून दाखवायचे. तर मुलगी झाली आणि मालकांनी घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं — बायकोला, स्वयंपाकिणीला, गाई बघायचा त्या म्हाताऱ्याला — आणि सांगितलं, या मुलीला ‘हे कर’, ‘ते करू नको’ कुणी म्हणायचं नाही. रागवायचं नाही. शाबासकीही द्यायची नाही, शाबासकी म्हणजे साखरेत घोळवलेला हुकूमच. आपणहून पापा घ्यायचा नाही, पोर जवळ आली तरच. प्रेमसुद्धा हुकूमच असतो म्हणायचे, फक्त आवाज गोड. आता गंमत बघा — मुलीला हुकूम करायचा नाही, हा हुकूम बाकी सगळ्यांना. आई बिचारी उजाडल्यापासून मावळेपर्यंत हुकमाखाली. पोर जेवत नाही — गप्प. पोर बर्फात अनवाणी निघाली — गप्प. मांडीवर लेसची उशी घ्यायची, उशीवर टाचण्या टोचलेल्या, आणि विणत बसायची. त्या लाकडी फिरक्यांचा खडखडाट वाढला की समजावं, आईला काहीतरी बोलायचंय.

सुखी होती का ती? मालकही तेच विचारायचे. रोज झोपताना पलंगाशी येऊन उभे राहायचे — आज तू सुखी होतीस का? आता याला पोर काय उत्तर देणार? गावातल्या पोरांना कुणी असं विचारत नव्हतं. ती पोरं दिवसभर मार खायची, मार चुकवायची, पळायची आणि झोपायची. हिला मात्र विचार करावा लागायचा. ‘हो’ म्हटलं की मालकांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं — दिवा पुसून लख्ख केल्यासारखं — म्हणून ती ‘हो’ म्हणायला शिकली. म्हणजे बघा, त्या घरात एक हुकूम होताच. सुखी राहा, हा. तो कुणी तोंडानं केला नाही म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायचीही सोय नव्हती. आणि गावची पोरं हिच्याशी खेळेनात. खेळ म्हटलं की ‘तू इथं उभी राहा’, ‘तू लप’, ‘तू पळ’ आलंच. हिला कुणी ‘पळ’ म्हटलं की ही उभी राहून विचार करायची, आपल्याला पळावंसं वाटतंय का. तोवर राज्य हिच्यावर. पोरं हसायची. पोरं काय, मोठीही हसायची.

एकदा काय झालं, शेजारी पिंपं करणारा राहायचा, त्याची धाकटी विहिरीच्या कठड्यावर चढली. तिच्या आईनं धावत येऊन तिला खाली खेचली, पाठीत धपाटा घातला, तोंडाला येईल ते बोलली, आणि बोलता बोलता तिला अशी कवटाळली की पोरीची टोपी खाली पडली. ही कुंपणाशी उभी राहून बघत होती. घरी आली आणि आईला म्हणाली, आई, मला रागव ना. आईनं आधी अभ्यासिकेच्या दाराकडे बघितलं. याच दाराकडे. मग हिचा हात धरला आणि तळघरात घेऊन गेली, जिथं फळ्यांवर चीजची चाकं ठेवलेली असतात तिथं, आणि दार लोटून घेतलं. पण तिला रागावताच येईना, सवय कुठं होती. ‘काय गं,’ म्हणाली, ‘काय गं हे पाय, किती चिखल’ — इतक्या हळू, की रागावतेय का गोष्ट सांगतेय कळेना — आणि तेवढं बोलून रडायलाच लागली. मग ते त्यांचं नेहमीचं झालं. मालक लिहायला बसले की या दोघी खाली. ‘नाक पूस. सरळ उभी राहा. कितीदा सांगितलं तुला?’ — आई, ते ‘कितीदा सांगितलं’ परत म्हण. — ‘कितीदा सांगितलं गं तुला?’ आणि मग जवळ ओढून घ्यायची. तिच्या एप्रनला आंबलेल्या दुधाचा वास यायचा, तो वास आला की मला अजून — म्हणजे मालकीणबाईंनीच सांगितलं मला हे सगळं नंतर. कसला वास आणि काय. म्हाताऱ्या माणसाचं बोलणं भरकटतं.

तर होता होता मोठमोठी माणसं घरी यायला लागली. पहिला भाग छापून झाला होता, ‘मोकळी मुलगी’ बघायला यायची. पॅरिसहून एक उमराव घरच्या बाई आल्या, बरोबर चारसहा माणसं. मुलीला मध्ये उभी केली. बाईंनी विचारलं, बाळ, तुला सगळ्यांत जास्त सुख कधी वाटतं? सगळे कप हातात धरून थांबले. एकानं तर लिहून घ्यायला पेन्सिल काढली. आणि पोर म्हणाली — खोटं बोलायचं नाही असंही कुणी सांगितलेलं नव्हतं, पण बोलली खरं — म्हणाली, आई तळघरात रागावते तेव्हा. बाई पंख्याआड हसल्या. पेन्सिलवाला खाली बघायला लागला. स्वयंपाकीण दारात होती, ती नंतर म्हणाली, गरम दूध नासतं ना, एकदम, तसा चेहरा झाला बाबांचा...

हो. बाबा म्हणाले मी. ऐकलंत ना? मग असं बघत काय राहिलात? मी इझालीन. इझालीन बेरसो. ती, बहराच्या खिडकीशी मेलेली. पाणी देऊ का तुम्हाला? — नको? मग ऐका आता पुढचं, अर्धवट ऐकून गेलात तर भलतंच काहीतरी घेऊन जाल.

बाबा रागावले नाहीत. ते कधीच रागवायचे नाहीत, तीच तर पंचाईत होती, रागावणाऱ्या माणसाच्या पाया पडता येतं. दुसऱ्या दिवशी ते आईला एवढंच म्हणाले, या घरात तुला दुःख होत असेल तर तू मोकळी आहेस, कुणी तुला धरून ठेवलेलं नाही. आता यावर बाई काय भांडणार? ‘नाही, मला धरून ठेवा’ म्हणणार? तिचा भाऊ वरून, डोंगरातल्या माहेराहून, ला ब्रेव्हीनहून गाडी घेऊन आला. तिची पेटी चढवली, लेसची उशी चढवली. मला अंगणात बोलावलं. बाबा म्हणाले, इझालीन, तूही मोकळी आहेस. आईबरोबर जायचं की इथं राहायचं, ते तुझं तू ठरव. आम्ही दोघं काही बोलणार नाही. आणि खरंच बोलले नाहीत. आई गाडीत बसलेली, हात मांडीवर, माझ्याकडे बघतेय. मी तिच्याकडे बघतेय. मी वाट बघत होते की ती ‘ये’ म्हणेल. तळघरात म्हणायची तशी, हळू म्हणाली असती तरी चाललं असतं. आई ‘ये’ म्हणाली असती तर मी उडी मारून चढले असते. बाबा ‘जा’ म्हणाले असते तरी चढले असते. ‘थांब’ म्हणाले असते तर रडून ओरडून हात सोडवून घेऊन चढले असते. कुणी काहीच म्हणालं नाही. माझे पाय उचलेनात. मला तेव्हा अकरावं चालू होतं, मस्यू. मामानं थोडा वेळ बघितलं, एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे, मग थुंकला आणि लगाम ओढला. पहिल्या भागाची पुढची आवृत्ती निघाली तिचा शेवट बघा तुम्ही — ‘बालिकेने कोणाच्याही सांगण्याशिवाय विवेकाची बाजू निवडली.’ ते हे. मी उभी राहिले होते, ते निवडणं झालं.

त्याच थंडीत आई गेली. ला ब्रेव्हीनला हिवाळ्यात पिंपातली वाइन गोठते, आणि तिची छाती आधीच नाजूक. आम्हाला जळण विकायला खाली येणाऱ्या माणसाकडून कळलं. त्याला वाटलं आम्हाला माहीतच असेल. मी बोलणं टाकलं. खाणंही टाकल्यातच जमा. बाबा झोपताना यायचे, आज तू सुखी होतीस का? — नाही. दुसऱ्या दिवशी परत — नाही. ते माझ्याकडे कसे बघायचे सांगू? बेरीज चुकल्यावर माणूस आकड्यांकडे बघतो तसे. मग त्यांनी विचारणं सोडलं, आणि ते दार लावून लिहायला बसू लागले. पुस्तकाचा दुसरा भाग मी पाद्रीणबाईंच्या स्वयंपाकघरात वाचला, उभ्याउभ्यानं. त्यांनीच हातात दिला, म्हणाल्या, इझालीन, तू हे कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी वाच. माझं मरण. बहर आणि खिडकी आणि सगळं. मी घरी आले आणि विचारलं, बाबा, मी मेले कशी? त्यांनी लेखणी खाली ठेवली. शांतपणे, प्रेमानंच म्हणाले — मला वाटतं तो प्रेमाचाच आवाज होता — म्हणाले, ती तू नव्हेस. तू जी व्हायला हवी होतीस ती आहे ती. तिला मी वाचवली.

कुणापासून वाचवली, हे मी विचारलं नाही. समोर मीच होते.

मग पहिले यात्रेकरू आले, दोन विद्यार्थी, तुमच्यासारखेच, रुमाल हातात तयार. दार मी उघडलं, हातात बादली होती. एकानं विचारलं, बाई, तिचं थडगं कुठंय? बाबा माझ्यामागे उभे होते. मी वळून बघितलं. ते काही बोलले नाहीत. नेहमीसारखं, माझं मी ठरवायचं. आणि माझ्या तोंडून निघालं, तिकडे, नाशपातीच्या झाडाखाली. स्वयंपाकीण तिथं एका दगडावर अंबाडी बडवायची. पोरं त्या दगडापुढं गुडघे टेकून बसली. पुढं त्या दगडावर नाव कोरून घेतलं बाबांनी. त्या दिवसापासून मी लीझ. गावाला सगळं माहीत आहे. गाव हसतं. पण आमची माणसं परक्याशी बोलतात कुठं, रस्ता विचारला तर बोट दाखवतात आणि वळतात.

का नाही गेले म्हणता? सगळे तेच विचारतील. दाराला कुलूप असतं ना, तर मी ते फोडलं असतं. कुलूपच नव्हतं. शेजारच्या पिंपवाल्याचा थोरला, दाविद — त्यानं विचारलं होतं मला, द्राक्षं तोडायच्या दिवसांत, पाठीवरची टोपली न उतरवताच. येतेस का, म्हणाला. मी म्हटलं, विचार करते. आणि खरंच करत बसले, मला जावंसं वाटतंय का, की वाटावं असं वाटतंय, की नुसतं कुणी विचारलं म्हणून बरं वाटतंय. त्यानं दोन हंगाम वाट बघितली. मग बुद्री गावची मुलगी केली. चांगली आहे ती. सकाळपासून त्याच्यावर ओरडत असते, इथपर्यंत ऐकू येतं. तो वर्षावर्षाला जाड होत चाललाय.

शेवटी बाबा पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एवढं बोलून-लिहून ठेवलेला माणूस, तोंडातून नुसता वारा. सगळं माझ्यावर आलं. पहिल्यांदा अंग पुसायला त्यांचा सदरा काढला आणि मी तशीच उभी राहिले. पाठभर पट्ट्याचे वळ. जुने, पांढरे पडलेले, एकावर एक, नांगरटीसारखे. आमचे आजोबा डोंगरातल्या गावात शाळामास्तर होते, एवढंच मला माहीत होतं. बाबांनी कधी कुणापुढं सदरा काढला नव्हता, उन्हाळ्यात सरोवरावरसुद्धा नाही. आईला माहीत होतं की नाही, कोण जाणे. पहिल्या भागाचं पहिलं वाक्य काय आहे, वाचा बरं. — ‘माझ्या बालपणाविषयी सांगण्यासारखे काही नाही.’ हं. तेच. त्या दिवशी ते अख्खं पुस्तक मला कळलं. बिचाऱ्यानं एवढंच ठरवलं होतं, की आपल्या हातून असं होऊ द्यायचं नाही. पण कळून काय होतं? मला कळलं म्हणून आई काही गाडीतून उतरली नाही.

आणि मग मी त्यांना सांगायला लागले. दुसरं करणार काय, सांगितल्याशिवाय चालतच नव्हतं. तोंड उघडा. चावा. गिळा. डावा हात वर करा. आता झोपा. एखाद्या कोकरासारखे ऐकायचे. कधी मी ‘गिळा’ म्हणायला विसरले तर घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघत राहायचे, मी म्हणेपर्यंत. आणि मस्यू, चेहरा इतका निवलेला, इतका शांत — मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मी देवापुढं सांगायला तयार आहे, तो माणूस सुखी होता. माझ्या हुकमाखाली. तुम्ही आता माणसाच्या स्वभावाबद्दल काहीतरी म्हणणार, तोंडावर दिसतंय तुमच्या. मला त्यातलं काय कळतंय. माणसाला मोकळं असायला हवं, हे खोटं नाही. त्या पाठीकडे बघून कोण खोटं म्हणेल? पण कुणीतरी दारात आडवं उभं राहावं, ‘कुठं निघालीस, केस विंचरलेस का’ म्हणून विचारावं, हीपण भूकच आहे. तिच्याबद्दल त्या दोन्ही भागांत अक्षर नाही. आमच्याकडे एक जण पट्ट्यानं मेला आणि एक जण पट्टा नव्हता म्हणून, आणि मधल्यामधे पुस्तक झालं.

अजून एक सांगते आणि मग जा तुम्ही. ते असे पडून असताना एक डच गृहस्थ आले. फार सभ्य माणूस, टोपी काखेत, दारातच पाय पुसले. मी बाबांना लापशी भरवत होते. ते म्हणाले, गुरुजींना ऐकू येतं का? मी म्हटलं, येतं. मग ते पलंगाशी बसले आणि वाचू लागले — तेच पान, दुसरं कुठलं असणार. सफरचंदाचा बहर आला, खिडकी आली, आणि मुलगी बोलायला लागली तसं बाबांच्या डोळ्यांतून पाणी सुरू झालं. थांबेना. मी एका हातात चमचा धरून दुसऱ्या हातानं त्यांची हनुवटी पुसत होते, लापशी आणि आसवं सगळं एक झालेलं, आणि ते माझ्यासाठी रडत होते, मस्यू. पुस्तकाकडे बघून. डच गृहस्थांनीही डोळे टिपले आणि मला हळूच विचारलं, बाई, तुम्ही तिला ओळखत होता का? मी म्हटलं, थोडी.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि पलंगाशी आले. म्हटलं, बाबा, माझ्याकडे बघा. साधंच सांगितलं, ‘तोंड उघडा’ म्हणते तसंच. एवढे दिवस मी म्हणेन ते ऐकलं होतं त्यांनी. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी परत म्हटलं, बाबा, इझालीनकडे बघा. तर ती जी एक बाजू चालत होती ना, तिच्यावर सगळा जोर घालून त्यांनी मान फिरवली, भिंतीकडे. केवढा घाम आला त्यांना तेवढ्यानं. तेवढं एक स्वातंत्र्य त्यांनी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं. द्राक्षं उतरायच्या आधी गेले. मी आजतागायत विचार करते — ओळखलं नाही म्हणून मान फिरवली, की ओळखलं म्हणून. ओळखलं म्हणूनच, असं मी धरून चालते. दुसरं धरलं तर इथं राहवणार नाही.

झालं. बोलून टाकलं सगळं, कशाला बोलले कोण जाणे. तुम्ही असे मान हलवू नका. तुमच्या मनात काय चाललंय मला दिसत नाही का? म्हातारी नोकरीण, एकटी पडलीय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून त्या मुलीचं ऐकून ऐकून आता तिला वाटतं आपणच ती. मोठ्या माणसांच्या नोकरांचं असं होतं कधीकधी. त्या डच गृहस्थांना मी सांगितलं असतं तर त्यांनाही तेच वाटलं असतं, आणि त्यांनीही असाच हळू आवाज काढला असता, आजाऱ्याशी बोलतात तसा. — काय? माती? नाशपातीखालची? एवढं सगळं ऐकून — एक चिमूट, रुमालात, बाळाच्या पाळण्यापाशी ठेवायला.

घ्या. मी कोण नाही म्हणणारी. दगडाच्या डाव्या अंगाची घ्या, उजवीकडे कोंबड्या बसतात. चांगली काळी माती आहे, कोबी येईल छान.

आणि हे खाली कोण ओरडतंय? ऐका. बाईचा आवाज आहे. ‘लेओनार, लेओनार’ — तुम्हीच का ते? अहो मग मघापासून हाका मारतेय ती, मी दूध उतरवायला गेले तेव्हाही मला ऐकू आल्या होत्या, मला वाटलं मळ्यातली कुणी असेल. घसा कोरडा झाला असेल तिचा. चर्चपासून चालत निघाली की काय अशा अवस्थेत, आवाज जवळ येतोय. ओ द्या की. — इतक्या हळू? इथून तिला काय ऐकू जाणार? पुस्तक ठेवा खिशात, दारात जा, मोठ्यानं ओ द्या, आणि धावत खाली जाऊन हात धरा तिचा, तिकडची फरसबंदी निसरडी आहे.

मातीचं नंतर बघा. आधी जा. जा म्हटलं ना.